रस्त्यांतील माणसाचें चित्र

इतिहासाच्या अध्यापकाला एक व्यावसायिक संवय जडलेली असते. कोणीं कांहीं विधान केलें कीं, ‘पुरावा काय?’ हा प्रश्न त्याच्या ओठांवर आपोआप येतो. जवळजवळ तीस वर्षें मीं हा प्रश्न विद्यार्थ्यांस विचारला. गेल्या हिवाळ्यांत तोच प्रश्न निराळ्या शब्दांत माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें मला विचारला, आणि मी निरुत्तर झालों. प्रस्तुत लेखाचा उगम त्या फजितींत आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

प्रसंग असा. नागपुरांत रस्त्यावरील छायाचित्रण शिकविणारी एक लहानशी कार्यशाळा भरली होती. चार रविवार, आठ-दहा शिकाऊ मंडळी आणि एक मार्गदर्शक. मार्गदर्शक म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत शेवटच्या बांकावर बसणारा मुलगा. आतां तो वृत्तपत्रांसाठीं छायाचित्रें काढतो. वयाच्या छपन्नाव्या वर्षीं मी त्याचा शिष्य झालों. तो मला ‘सर’ म्हणे, मी त्याला पूर्वीप्रमाणें एकेरींत हाक मारीं; परंतु कॅमेरा हातीं आला कीं गुरुत्व कोणाकडे आहे ह्याविषयीं कोणासच संशय राहत नसे. पहाटे महालांतील गांधी गेटापाशीं जमावें, ऊन डोक्यावर येईपर्यंत हिंडावें, आणि दुपारीं एका खोलींत बसून प्रत्येकानें आपापलीं चित्रें सर्वांपुढें मांडावीं, असा क्रम असे.

पहिल्या रविवारीं बुधवार बाजारांत मला एक वृद्ध बाई दिसली. मेथी आणि कोथिंबीर—जिला आम्ही नागपूरकर सांबार म्हणतों—ह्यांच्या जुड्यांमागें ती बसली होती. ताडपत्रीच्या फटींतून उन्हाची एक तिरीप तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडली होती. मीं चित्र घेतलें आणि दुपारीं मोठ्या ऐटींत ‘नागपूरची भाजीवाली’ अशा नांवानें तें सर्वांपुढें ठेवलें. माझ्या गुरूनें तें बराच वेळ न्याहाळलें आणि मग हळूच विचारलें, ‘‘सर, उजेड छान पकडलात. पण ह्या बाई भाजीवाल्या आहेत, हें तुम्हांला कोणीं सांगितलं? त्यांचं नांव काय?’’

ती भाजीमागें बसली होती, एवढाच माझा पुरावा. नांव मीं विचारलें नव्हतें. घरीं येऊन मीं जुनीं पुस्तकें काढलीं. लाज झांकण्याचा दुसरा मार्ग आमच्यासारख्यांस ठाऊक नसतो. आणि त्या वाचनांत असें दिसून आलें कीं, माझी चूक माझ्या एकट्याची नव्हती. तिला दीडशें वर्षांहून अधिक मोठी परंपरा आहे.

रस्त्याचें म्हणून जें अगदीं आरंभींचें छायाचित्र दाखविलें जातें, तें दागेर ह्या फ्रेंच गृहस्थानें १८३८ सालीं पॅरिसमधील एका रहदारीच्या रस्त्याकडे आपल्या खिडकींतून पाहून घेतलेलें आहे. त्या वेळीं रस्त्यावर गाड्या धांवत होत्या, माणसें चालत होतीं. परंतु चित्रांत रस्ता ओस दिसतो. पत्र्यावर प्रतिमा उमटण्यास कित्येक मिनिटें लागत, आणि तेवढा वेळ जो एका जागीं थांबला नाहीं तो चित्रांतून पुसला गेला. एकच माणूस राहिला. तो बूट पुसून घेण्यासाठीं पाय पुढें करून उभा होता. त्याच्या पायाशीं बसलेल्याची केवळ अस्पष्ट आकृति दिसते. त्या दोघांचींहि नांवें कोणास माहीत नाहींत. रस्त्याच्या छायाचित्राचा आरंभच असा एका निनांवी उभ्या माणसापासून झाला.

१८३९ सालीं दागेरची युक्ति जाहीर झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिची वार्ता मुंबईच्या वृत्तपत्रांत आली. पुढें पंधरा वर्षांनीं, १८५४ च्या ऑक्टोबरांत, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. हें सालहि आम्हां नागपूरकरांस विसरण्यासारखें नाहीं, कारण त्याच वर्षीं भोसल्यांचें राज्य खालसा झालें. मुंबईच्या त्या सोसायटींत केवळ इंग्रज अधिकारीच नव्हते. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं होते, आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी ह्यांनीं तर छायाचित्रकार म्हणून नांव मिळविलें. लगेच १८५५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथें क्रॉफर्ड नांवाचे शिक्षक ही विद्या शिकवीत. त्या वर्गांत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण ह्यांनीं पुढें मुंबईंत स्वतःचा स्टुडिओ काढला. व्यवसाय म्हणून छायाचित्रण करणाऱ्या पहिल्या हिंदी लोकांत त्यांची गणना होते.

सारांश, ही कला आपल्याकडे केवळ बाजारांतून आली नाहीं. शाळेच्या वर्गांतून, गुरुशिष्यांच्या जोडीनेंहि आली. परंतु त्या वर्गांत काय शिकवीत असतील ह्याचा विचार करावा. आर्चर ह्या इंग्रजानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेली ओल्या कांचेची कृति त्या काळीं सर्वत्र प्रचलित होत होती. कोलोडियन नांवाचें चिकट द्रावण कांचेवर सारखें पसरावयाचें, ती कांच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें आणि वाळण्यापूर्वीं अंधारांत नेऊन रसायनांनीं धुवावयाची. कांच वाळली कीं सर्व श्रम फुकट. मुंबईच्या उन्हांत ही मुदत आणखीच आंखूड. बाहेर जावयाचें तर कांचा, बाटल्या, तिकाटणें आणि अंधाऱ्या तंबूसकट जावें लागे. अशा स्थितींत विद्यार्थ्यांचें सारें लक्ष हात काळे करणाऱ्या रसायनांकडे गेलें, तर त्यांस दोष देतां येणार नाहीं. समोरच्या माणसाशीं काय बोलावें, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमांत येण्यास जागाच नव्हती. त्याला एकच गोष्ट सांगावयाची, ‘हलूं नको.’

आतां रस्ता कॅमेऱ्यांत येत नाहीं, तर रस्त्यावरील माणसासच कॅमेऱ्यापुढें आणावें, अशी तोड निघाली. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन ह्यांनीं १८५६ ते १८५८ ह्या काळांत मुंबईच्या सोसायटीच्या आश्रयानें छायाचित्रांचें एक मासिक चालविलें. त्यांत पश्चिम हिंदुस्थानांतील पोषाख आणि नमुनेदार माणसें ह्यांची एक मालिका येत असे. त्यांतीलच साहित्य पुढें वाढवून जॉन्सननें मुंबईंत राहणाऱ्या व येणाऱ्या जातिजमातींविषयीं दोन भागांचा मोठा ग्रंथ लंडनमध्यें १८६३ आणि १८६६ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील चित्रांची कृति ध्यानांत घेण्यासारखी आहे. माणसांचे समूह एका ठिकाणीं बसवून त्यांचें चित्र घ्यावयाचें. मग त्यांच्या आकृति वेगळ्या करून दुसऱ्याच कांचेवर घेतलेल्या देवळाच्या, तळ्याच्या किंवा रस्त्याच्या देखाव्यावर त्या बसवावयाच्या. पाहणारास वाटावें कीं हीं माणसें येथेंच उभीं होतीं. वस्तुतः तीं तेथें कधीं उभीं असतीलच असें नाहीं. चित्राखालीं नांव माणसाचें नाहीं. जातीचें अगर धंद्याचें.

१८५७ नंतर सरकारासहि आपल्या प्रजेची अशी यादी हवी झाली. वॉटसन आणि के ह्या दोन संपादकांनीं ‘पीपल ऑफ इंडिया’ नांवाचे आठ खंड १८६८ पासून १८७५ पर्यंत लंडनमध्यें काढले. निरनिराळ्या प्रांतांतून जमा केलेलीं चित्रें आणि प्रत्येक चित्रासोबत त्या त्या जमातीचें वर्णन, अशी त्यांची रचना आहे. अमुक लोक कष्टाळू, तमुक लोक चोरटे, अशीं प्रशस्तिपत्रें त्या वर्णनांत उदारपणें वांटलेलीं आढळतात. कॅमेऱ्यापुढें बसलेल्या एका माणसाच्या माथीं साऱ्या जमातीची गुणदोषांची मोट ठेवावी, आणि त्याचें स्वतःचें म्हणून कांहीं उरूं देऊं नये, हा त्या ग्रंथाचा रोख. ह्या ग्रंथांची आज उपयुक्तता नाहीं असें नव्हे. त्या काळचीं पागोटीं, लुगडीं, दागिने आणि अवजारें पाहावयाचीं तर ह्यांच्याइतकें भरवशाचें साधन थोडेंच सांपडेल. परंतु एवढें सगळें दिसत असतां जो माणूस समोर बसला होता त्याच्याविषयीं आपणांस एकहि ओळ कळत नाहीं, ही गोष्ट वाचतांना मनास टोंचत राहते. मला ती अधिकच टोंचली, कारण ‘नागपूरची भाजीवाली’ हे माझे दोन शब्द त्या आठ खंडांत कोठेंहि सहज खपून गेले असते.

कित्येकांस वाटेल कीं, हा दोष यंत्राच्या मंदपणाचा होता. यंत्र चपळ झालें आणि दोष गेला. यंत्र चपळ झालें हें खरें. १८७१ सालीं मॅडॉक्स ह्या इंग्रज डॉक्टरानें जिलेटिनच्या कोरड्या कांचेची कृति प्रसिद्ध केली. १८८८ सालीं ईस्टमननें कोडॅक कॅमेरा बाजारांत आणून बटण दाबण्यापलीकडे कांहीं न जाणणाऱ्यासहि छायाचित्रकार केलें. १९२५ सालीं लायका निघाला. तो मुठींत मावे आणि चालतां चालतां चित्र घेई. आज तर खिशांतील फोनानें तेंच काम शेंबडें पोरहि करतें. पॅरिसच्या रस्त्यावरून पुसलीं गेलेलीं सारीं माणसें परत आलीं. मात्र त्यांचीं नांवें यंत्राबरोबर आलीं नाहींत. वेग वाढला तसा थांबून दोन शब्द बोलण्याचा प्रसंगच उलट कमी झाला. जॉन्सनपुढें बसलेल्या माणसाला निदान आपलें चित्र निघत आहे हें ठाऊक होतें. माझ्या चित्रांतील बाईला तेंहि ठाऊक नव्हतें.

ह्या वेगाचा चांगला उपयोग करणारे लोक महाराष्ट्रांत झाले, हेंहि सांगितलें पाहिजे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांस लोक सावेदादा म्हणत, ह्यांचा मुंबईंत छायाचित्रणाचा व्यवसाय होता. १८९६ सालीं वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें मुंबईंत प्रथम दाखविलीं गेलीं. तीं पाहून त्यांनीं विलायतेहून तसा कॅमेरा मागविला. १८९९ सालीं त्यांनीं हँगिंग गार्डनमध्यें एका कुस्तीचें चित्रण केलें, आणि रँग्लर परांजपे १९०१ सालीं केंब्रिजहून परत आले तेव्हां त्यांच्या स्वागताचा सोहळाहि टिपला. येथें कोणासहि ‘हलूं नको’ असें सांगावें लागलें नाहीं. लोक आपल्या हौसेनें जमले होते आणि कॅमेरा त्यांच्यांत मिसळला होता.

चित्रांवरून गोष्ट कशी सांगावी, हा धडा दादासाहेब फाळक्यांच्या चरित्रांत सांपडतो. बडोद्याच्या कलाभवनांत ते १८९० सालीं गेले. तेथील प्राध्यापक गज्जर ह्यांनीं ह्या विद्यार्थ्याची तळमळ ओळखून छायाचित्रणाची सामग्री आणि प्रयोगशाळा त्यांच्या स्वाधीन केली. गुरूनें किल्ली हातीं द्यावी आणि बाजूस व्हावें, ह्याहून मोठें शिक्षण कोणतें? पुढें १९१२ सालीं फाळक्यांनीं कुंडींत वाटाणा पेरून त्याच्या अंकुराचीं रोज थोडथोडीं चित्रें घेतलीं. तीं एकापुढें एक चालवितांच पडद्यावर वेल वाढूं लागला. एका सुट्या चित्रांत नसलेला अर्थ अनेक चित्रांच्या ओळींत उत्पन्न होतो, आणि ती ओळ जमावी म्हणून त्याच जागीं पुनःपुन्हां जावें लागतें, हें त्या वाटाण्यानें दाखवून दिलें. फाळक्यांनीं ही विद्या घरांतहि शिकविली. सरस्वतीबाई फाळके रात्रीं अंधारांत बसून फिल्मच्या कडेस भोंकें पाडीत.

शिकविणाऱ्याचें आणि शिकणाऱ्याचें नांव हा विषय निघाला म्हणून होमाई व्यारावाला ह्यांची हकीकत येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. १९१३ सालीं जन्मलेल्या ह्या पारशी बाई मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें शिकल्या. कॅमेरा मात्र त्यांनीं माणेकशा व्यारावाला ह्यांच्याजवळ शिकून घेतला, आणि पुढें त्यांच्याशींच विवाह केला. आपल्या सहाध्यायिनी, मुंबईचे रस्ते, तेथील रोजचे व्यवहार हे त्यांचे आरंभींचे विषय. ह्या काळांतील त्यांचीं कित्येक चित्रें पतीच्या नांवानें छापलीं गेलीं. म्हणजे कॅमेऱ्यापुढील माणसाचें नांव गळतें तसें कॅमेऱ्यामागील माणसाचेंहि गळूं शकतें! वृत्तपत्रांसाठीं काम करणाऱ्या देशांतील पहिल्या स्त्री छायाचित्रकार म्हणून त्या पुढें मान्यता पावल्या आणि २०११ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. परंतु आपलें नांव आपल्या चित्राखालीं येण्याची वाट त्यांसहि पाहावी लागली.

ह्या ओळींतील शेवटचें उदाहरण आमच्या विदर्भाचें आहे. अकोल्याचे सुधारक ओलवे मुंबईस वृत्तपत्रांत छायाचित्रकार झाले. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचीं त्यांनीं काढलेलीं चित्रें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. जॉन्सनच्या ग्रंथांत आणि ह्या मालिकेंत वरवर पाहतां एक साम्य आहे: दोहोंतहि एका धंद्याचीं माणसें आहेत. भेद असा कीं, ओलवे त्यांच्यामागोमाग त्यांच्या कामावर गेले, घरीं गेले, आणि पुनःपुन्हां गेले. त्यामुळें ‘सफाई कामगार’ ह्या शब्दाआडून दमलेला बाप, झोंपलेलें मूल, घरांतील भिंत, पुसून ठेवलेलें भांडें असें सारें बाहेर येतें. २०१६ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. माझ्या मतें त्यांच्या चित्रांची खरी थोरवी हीच कीं, तीं पाहिल्यावर रस्त्यावर झाडू मारणारा माणूस आपणांस नमुना म्हणून पाहतां येत नाहीं.

येथें एक आक्षेप येणार हें मी जाणून आहें, कारण कार्यशाळेंत तो मींच घेतला होता. नांव विचारीत बसलें तर क्षण हातचा जाईल. विचारून मग चित्र घेतलें तर माणूस कृत्रिम होईल. आणि गर्दींत कोणाकोणास विचारावें? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं मारबतीच्या मिरवणुकी निघतात, काळी आणि पिवळी मारबत इतवारीच्या रस्त्यांवरून जातात, बडग्यांच्या पुतळ्यांतून चालू जगाची यथेच्छ टिंगल होते आणि अख्खें नागपूर रस्त्यावर लोटतें. तेथें नांवांची नोंदवही घेऊन कसें फिरावें? माझ्या गुरूचें उत्तर सरळ होतें. मारबतीच्या दिवशीं शहर स्वतः होऊन दिसावयास बाहेर पडतें. बडग्या तर पाहण्यासाठींच केलेला असतो. त्याची गोष्ट वेगळी. पण एकटा माणूस आपल्या कामांत बसला असतां आपण त्याचें चित्र घेतलें, तर क्षण आधीं टिपावा, मग कॅमेरा खालीं करावा, आणि जाऊन त्याच्याशीं बोलावें. तो नको म्हणाला तर चित्र पुसून टाकावें. नांव कळलें म्हणून तें छापलेंच पाहिजे असेंहि नाहीं. ‘‘नांव छापण्यासाठीं विचारायचं नसतं, सर,’’ तो म्हणाला, ‘‘आपल्याला कळावं म्हणून विचारायचं.’’

हें ऐकून मीं त्या चित्राची एक प्रत कागदावर काढून घेतली आणि शेवटच्या रविवारीं बुधवार बाजारांत गेलों. तीच ताडपत्री, तीच जागा. परंतु जुड्यांमागें भलतीच बाई बसलेली! मीं चित्र पुढें केलें. तिनें पाहिलें आणि ती मोठ्यानें हंसली. ‘‘हे तं माही जाऊ होय जी! तुमाले काहून पाह्यजे?’’ दुकान हिचें होतें. त्या रविवारीं हिला दवाखान्यांत जावें लागलें म्हणून जावेला दोन तास बसविलें होतें. जाऊबाईंचें सारें आयुष्य विड्या वळण्यांत गेलेलें. भाजी त्यांनीं त्या एका सकाळीं काय ती विकली, आणि तीहि, धाकटीच्या म्हणण्याप्रमाणें, चुकीच्या भावानें.

पोर पाठवून तिनें त्यांस बोलावून घेतलें. त्या आल्या, पदरानें हात पुसून चित्र घेतलें, उन्हांत तिरपें करून पाहिलें. बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, ‘‘उजेडात बसवलं जी तुमी मले.’’ मीं नांव विचारलें. त्यांनीं तें सांगितलें, आणि लगेच, ‘‘पण पेपरात नोका टाकू,’’ असेंहि बजावलें. म्हणून तें येथें देत नाहीं. प्रत त्यांच्याजवळच राहिली.

दुपारीं चित्रें मांडण्याची शेवटची बैठक होती. मीं दुसरी प्रत ठेवली. तिच्या पाठीवर पेन्सिलीनें नांव, तारीख आणि जागा लिहिली होती. पुढील बाजूस, जेथें पूर्वीं ‘नागपूरची भाजीवाली’ होतें तेथें, ‘जावेच्या दुकानावर, दोन तास’ एवढेंच. माझ्या गुरूनें प्रत उलटून पाहिली, पाठीवरचें वाचलें, आणि पुन्हां सुलटी करून इतरांच्या चित्रांच्या ओळींत ठेवून दिली.